स्पायना बिफिडा किती आढळतो, कशामुळे होतो आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी काय करायचं?

ओवी_भांडुप
नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याला जन्मतःच स्पायना बिफिडा आहे. कमरेजवळचे मणके मागून मिटलेलेच नव्हते, मज्जारज्जू एका पातळ पिशवीत बाहेर आला होता. जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठीचं ऑपरेशन झालं. मग डोक्यात पाणी साठायला लागलं म्हणून शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी बारीक नळी, बसवला. आता दीड वर्षाचा आहे, अखंड बडबड करतो, पाय मात्र कमी हलवतो.
दादा-वहिनीला दुसरं मूल हवंय, आणि आमच्याच घरात कुजबुज सुरू झालीय. काकू म्हणते पाचव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा वहिनीने भाजी चिरली. कुणी म्हणतं सातव्या महिन्यापर्यंत लोकलच्या गर्दीत धक्के खात नोकरीला गेली. ती बिचारी सगळं ऐकून घेते. मला हे थांबवायचं आहे, आणि त्यासाठी नीट माहिती हवीय. हा आजार किती जणांना होतो? धोका कशाने वाढतो, कशाने कमी होतो? दुसऱ्या बाळालाही होईल का?

रेवा
ओवी, वहिनीला घट्ट मिठी. डॉक्टर मंडळी येतीलच, मी वाचतेय.

सुलूमावशी
ओवी बाळा, मी माझ्या तिन्ही बाळंतपणांत ग्रहण पाळलं. पाळलं तर बिघडतं काय? पण सुनेला बोल लावणं मलाही पटत नाही. बाकी पूर्वी पालेभाज्या भरपूर असायच्या खाण्यात, आता पोरी बिस्किटांवर दिवस काढतात, त्याचाही परिणाम असेल. मेथीचे लाडू द्यावेत.

निनाद
आकड्यांपुरतं मी सांगतो. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतो त्या नळीच्या सगळ्या दोषांना मिळून न्यूरल ट्यूब डिफेक्ट म्हणतात, स्पायना बिफिडा त्यातलाच एक. दुसरा मोठा म्हणजे ॲनेनसेफली, ज्यात कवटीचा वरचा भाग आणि मेंदू बनतच नाही. भारतातले बरेच अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे हजार जन्मांमागे ४.१ ते ४.५ च्या आसपास येतात, सगळे प्रकार धरून. उत्तर प्रदेशातल्या बलरामपूर जिल्ह्यात घरोघरी जाऊन केलेली पाहणी २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, तिथे हजारी ६.५ ते ८ निघाले. अमेरिकेत नुसत्या स्पायना बिफिडाचं प्रमाण साधारण २८०० जन्मांमागे एक आहे.
हे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना जपून. आपल्याकडचे बरेच अभ्यास मोठ्या हॉस्पिटलांतले आहेत, आणि गुंतागुंतीच्या केसेस तिथेच पाठवल्या जातात, त्यामुळे आकडा फुगतो. उलट गर्भपात आणि मृत जन्म मोजलेच नाहीत तर तो घसरतो. तरीही आपल्याकडे प्रमाण जास्त आहे यात शंका नाही.

तन्मय_के
माझ्या कंबरेच्या एक्स-रेवर 'एस१ स्पायना बिफिडा ऑकल्टा' असं लिहिलंय. आता हा धागा वाचून घाम फुटला.

डॉ_सानिका
तन्मय, घाम पुसा. ऑकल्टा म्हणजे आतला एखादा मणका मागून किंचित न जुळलेला, वर कातडी शाबूत, नसा शाबूत. दहा-वीस टक्के लोकांत तो असतो आणि बहुतेकांना कधी कळतही नाही. निनादनी दिलेल्या आकड्यांत तो धरलेला नाही.
ओवी, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मुंबईतच प्रॅक्टिस करते. आधी ग्रहणाचं आणि लोकलचं बोलते, कारण तुमच्या घरात ते जास्त दुखतंय. गर्भात सुरुवातीला पाठीच्या बाजूला पेशींची एक सपाट पट्टी असते. ती पन्हाळीसारखी खोलगट होते, मग दोन्ही कडा वर येऊन जुळतात आणि नळी तयार होते. हे सगळं गर्भधारणेपासून २८ दिवसांत पूर्ण होतं. आम्ही शेवटच्या पाळीपासून मोजतो त्या हिशोबाने सहावा आठवडा, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तुमच्या भाच्याची नळी कमरेजवळ जुळायची राहिली ती तेव्हा. पाचव्या महिन्यातलं ग्रहण आणि सातव्या महिन्यातली लोकल यायच्या कितीतरी आधी ती गोष्ट होऊन गेली होती. काकूंना नेमकं एवढंच सांगा. श्रद्धेवर वाद घालू नका, तारखा मांडा.

आता धोका. सगळ्यात मोठं आणि हातात असलेलं कारण म्हणजे आईच्या शरीरात फोलेट कमी असणं. फोलेट हे एक बी जीवनसत्त्व, गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीचा निकाल आला. आधीचं एक बाळ असं झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलीग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. सात देशांत मिळून झालेली चाचणी होती. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासातून पहिल्या बाळासाठीही ते उपयोगी ठरतं हे दिसलं.
बाकीची कारणं अशी: गर्भधारणेच्या आधीपासूनचा आणि ताब्यात नसलेला मधुमेह, खूप वाढलेलं वजन, फिटची काही औषधं (व्हॅल्प्रोएट सगळ्यात वाईट, कार्बामाझेपिन त्याखाली), पहिल्या आठवड्यांत चढलेला जोराचा ताप, बी-१२ ची कमतरता, आणि आनुवंशिक कल. बहुतेक वेळा कुठलंही एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. वेळेवर गोळ्या घेतलेल्या आयांनाही असं बाळ होतं.

चिन्मयची_आई
डॉक्टर, शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून खरंच आभार. मी लग्नानंतर लगेच फॉलिकच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, ठरवून. तरी चिन्मयला मायलोमेनिंगोसील झालं, म्हणजे ओवीच्या भाच्यासारखाच मज्जारज्जू पिशवीत बाहेर आलेला. तो आता नऊ वर्षांचा आहे. मला कितीतरी जणांनी विचारलं, "गोळ्या घेतल्या नव्हत्यास का गं?"

पद्मजा_दहिसर
मला फिट येतात, कॉलेजपासून व्हॅल्प्रोएट चालू आहे. पुढच्या वर्षी लग्न आहे. हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. आजच बंद करू का?

डॉ_सानिका
पद्मजा, नाही, आपल्या मनाने अजिबात बंद करू नका. अचानक थांबवलं तर मोठी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या बायकांच्या बाळांत स्पायना बिफिडाचं प्रमाण एक ते दोन टक्के धरतात, म्हणजे एरवीपेक्षा बरंच जास्त. शिवाय मुलाच्या बौद्धिक वाढीवरही या औषधाचा परिणाम होतो. पण तुमच्या हातात वर्ष आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन "मला पुढे मूल हवंय" एवढं वाक्य बोला. बऱ्याच जणींना लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅमवर हळूहळू नेता येतं. बदल लग्नाआधी झाला आणि काही महिने फिट आली नाही, तर पुढचं सगळं सोपं जातं.

गिरणगावकर
जरा वेगळं सांगतो, पण विषय सोडून नाही. फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या परळमध्ये सुरू झाली हे फार लोकांना माहीत नाही. लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग व्हायचा, त्यात पुष्कळ जणी दगावायच्या. विल्सबाई परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत त्यावर काम करत होत्या. त्यांनी पाहिलं की ज्यांच्या जेवणात काही कस नाही त्यांनाच हे होतंय. मग मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळा चिकट अर्क देऊन पाहिला, आणि बायका बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ साली त्यांनी ते छापलं. त्या अर्कातल्या गुणकारी गोष्टीला पुढे कित्येक वर्षं विल्स फॅक्टर म्हणत. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. कारखान्यात बनवण्याची रीत शोधणाऱ्या गटाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, लेडर्ली कंपनीत.
माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. ज्या बायकांच्या रक्तावरून हे औषध कळलं, त्यांच्या नाती-पणतींना ते वेळेवर मिळत नाही, याचा मला फार त्रास होतो.

सुलूमावशी
गिरणगावकर, अंगावर काटा आला हो वाचून. आणि सानिकाताई, तारखांचा हिशोब पटला. आमच्या गटात सांगते मी. पण मग मेथी-पालकाने भागणार नाही का?

डॉ_सानिका
मावशी, मेथी, पालक, चवळी, मूग, हरभरा या सगळ्यांत फोलेट असतं आणि ते खायलाच हवं. पण भाजी फार शिजवली आणि पाणी ओतून दिलं की बरंचसं जातं, आणि राहिलेलं गोळीइतकं अंगी लागत नाही. मूल हवं असणाऱ्या प्रत्येकीने रोज ४०० मायक्रोग्रॅम गोळीतून घ्यावं, निदान एक महिना आधीपासून ते तिसरा महिना संपेपर्यंत. आधीचं बाळ असं असेल, आईला फिटचं औषध चालू असेल किंवा मधुमेह असेल तर ४-५ मिलीग्रॅम, तेही डॉक्टरांना विचारून. लाडू मेथीदाण्यांचे असतात, त्यात पाल्यासारखं फोलेट नाही. पण ते माझ्या पत्त्यावर पाठवायला काहीच हरकत नाही :)

रसिका_मेडिकल
दादरला आमचं दुकान आहे. काउंटरवरून सांगते, नुसतं "फॉलिक द्या" म्हटलं की सहसा ५ मिलीग्रॅमचीच पट्टी हातात पडते. स्वस्त आहे. ४०० मायक्रोग्रॅम हवी असेल तर तसं बोलून मागा. आणि एक रोज दिसतं. पट्टी न्यायला येतात ते हातात प्रेग्नन्सी टेस्टचा रिपोर्ट घेऊन. डॉक्टरांनी वर लिहिलंय ते धरलं तर तोवर त्या नळीचं काम आटोपत आलेलं असतं ना?

डॉ_सानिका
अगदी बरोबर, रसिका. तरीही गोळी घ्यायचीच, रक्तासाठी आणि बाळाच्या वाढीसाठी. पण स्पायना बिफिडापुरता तिचा उपयोग आधीच्या महिन्यात असतो.

आरोग्यसेविका_गोवंडी
मी पालिकेच्या हेल्थ पोस्टवर काम करते. आमच्याकडे नाव नोंदवायला बाई येते तीच मुळी तिसऱ्या महिन्यात, कधी चौथ्या. लोह आणि फॉलिकची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस देतात, ती पंडुरोगासाठी चांगलीच आहे. पहिल्या तीन महिन्यांची नुसती फॉलिकची गोळीही असते, पण ती ज्या दिवसांत पोटात जायला हवी त्या दिवसांत बाईलाच माहीत नसतं. शाळेतल्या मुलींना निळी गोळी आठवड्यातून एकदाच. नवं लग्न झालेल्या मुलीकडे गोळी घेऊन गेलं की सासू दारातच विचारते, "हिला काय झालंय?" तिथेच घोडं अडतं. मी आता "रक्तवाढीची गोळी" म्हणून देते, मग घेतात.

निनाद
म्हणूनच अन्नात मिसळणं हा खरा उपाय आहे. अमेरिका आणि कॅनडाने १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड सक्तीने घातलं, चिलीने २००० पासून. पुरी लोकसंख्या, काही न विचारता. तिथे प्रमाण स्पष्ट उतरलं. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने यासाठी ठरावही केला, त्यात स्पायना बिफिडाचं नाव आहे. आपल्याकडेही रेशनचा तांदूळ आता फोर्टिफाइड येतो, लोह, फॉलिक आणि बी-१२ घालून.

आरोग्यसेविका_गोवंडी
तो तांदूळ? बायका त्यातले वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे म्हणून निवडून टाकून देतात, दादा. मी स्वतः सूप घेऊन बसलेल्या बाईजवळ जाऊन सांगितलंय की हेच तर औषध आहे.

निनाद
हे माहीत नव्हतं, सांगितलंत ते बरं केलंत. मी आत्ता गणित मांडून पाहिलं. आपल्या नियमानुसार एक किलो तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. एका बाईने दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर तिला १५ ते २५ मायक्रोग्रॅम मिळतं. हवंय ४००. अमेरिकेत १०० ग्रॅम पिठात १४० मायक्रोग्रॅम घालतात, म्हणजे किलोला १४००. दहापटीहून जास्त फरक! दाणे निवडले नाहीत तरी निव्वळ रेशनवर विसंबून चालणार नाही.

माधव_विलेपार्ले
सगळं ठीक आहे, पण विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये कळतंच ना? गर्भपाताचा कायदाही आहे. मग एवढी चर्चा कशाला? मुलाला आणि घरच्यांना जन्मभर त्रास कशासाठी?

तुषार_मुलुंड
माधवजी, मी ३४ वर्षांचा आहे आणि मला स्पायना बिफिडा आहे. कॅलिपर (पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि कुबड्या वापरतो, दिव्यांगांच्या डब्यातून फोर्टला बँकेत जातो, कर्ज विभाग सांभाळतो. त्रास आहे, तो मी नाकारत नाही. पायांना संवेदना नाही. लहानपणी मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चाललो, मला काहीच जाणवलं नाही. घरी आल्यावर आईने पाय उचलून पाहिला तर तळव्याची कातडी सुटून आली होती. ती जखम भरायला अख्खा पावसाळा गेला. आजही रोज रात्री आरसा धरून तळवे पाहतो.
पण तुम्ही ज्याला जन्मभराचा त्रास म्हणता त्यातला अर्धा प्लॅटफॉर्मच्या उंचीत आणि रॅम्प नसलेल्या ऑफिसात आहे. गोळी प्रत्येकीला मिळावी असं मीही म्हणतो, मनापासून. फक्त माझ्यासारख्याचं आयुष्य उदाहरण म्हणून भीती घालायला वापरू नका.

चिन्मयची_आई
तुषारदादा, चिन्मयला तुमचं हे वाचून दाखवणार आहे.
माधवजी, निर्णय त्या दोघांचा असतो, आणि तो कुठलाही असला तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण माहिती पूर्ण हवी. आमच्या वेळी स्कॅन करणाऱ्यांनी दोन वाक्यांत विषय संपवला होता. मुलांचे सर्जन भेटले तेव्हा कळलं की दोष कुठल्या मणक्याला आहे त्यावर सगळं ठरतं. जितका खाली, तितकी चालण्याची शक्यता जास्त. चिन्मय घोट्याचे बूट घालून चालतो. लघवीची भावना नाही, म्हणून दर तीन-चार तासांनी नळीने काढावी लागते. पहिलीत असताना मधल्या सुट्टीत मी शाळेत जायचे. आता तो स्वतः करतो. कंपासपेटीच्या आकाराच्या डब्यात नळी, जेली, ओले टिश्यू. आधी साबणाने हात, मग बाकीचं. शिपाईमामांनी त्याला अपंगांसाठीच्या टॉयलेटची किल्ली देऊन ठेवलीय.
ओवी, एक आत्ताच सांगते. या मुलांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी फार पटकन होते, लहानपणापासूनच्या ऑपरेशनांमुळे. वाढदिवसाला फुगे लावू नका, आणि दवाखान्यात गेलात की ग्लोव्हज् लॅटेक्सचे नकोत हे आधी सांगा. सोसायटीत एकदा फुगा तोंडाला लागून चिन्मयचे ओठ टम्म सुजले होते.

डॉ_सानिका
फुग्यांचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा. माधवजी, कायद्याचं सांगते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. पण स्कॅनमध्ये सापडतं म्हणून गोळीचं महत्त्व कमी होत नाही. विसाव्या आठवड्यात असा निर्णय समोर येणं हेच केवढं मोठं दुःख आहे, ते मी खुर्चीच्या पलीकडून पाहते.

माधव_विलेपार्ले
तुषार, चिन्मयची आई, तुमचं म्हणणं पोचलं. मनापासून वाचलं.

पद्मजा_दहिसर
न्यूरॉलॉजिस्टची पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. होणाऱ्या नवऱ्यालाही घेऊन जातेय.

रेवा
शाब्बास पद्मजा!

ओवी_भांडुप
काय बोलू कळत नाहीये. धागा दादा-वहिनीने एकत्र बसून वाचला. आईने पण. काकूला सानिकाताईंच्या तारखा आईनेच ऐकवल्या. वहिनीचा प्रश्न आहे, माझा मूळचाच: दुसऱ्या बाळाला होण्याची शक्यता नक्की किती? तिचं बी-१२ कमी आलंय, घर पूर्ण शाकाहारी, आणि साखर सीमारेषेवर आहे. सुरुवात कशाने करू?

डॉ_सानिका
एक बाळ असं झाल्यावर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन ते पाच. म्हणजे गोळी न घेताही शंभरातल्या पंचाण्णवांना काही होत नाही. आणि जास्त मात्रेचं फॉलिक आधीपासून घेतलं की ती शक्यता आणखी बरीच उतरते.
बी-१२ आधी भरून काढा, गरज पडली तर इंजेक्शनने. नुसतं फॉलिक जास्त दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पुण्यात केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासात दोन तृतीयांश गरोदर बायकांचं बी-१२ कमी निघालं होतं आणि फोलेट मात्र जवळपास सगळ्यांचं ठीक होतं, त्यामुळे आपल्याकडे हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. सोबत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करा आणि ते ६.५ च्या खाली आल्यावरच गर्भधारणेचा विचार करा. ५ मिलीग्रॅम फॉलिक मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारून आत्तापासूनच, जमल्यास तीन महिने आधीपासून. दिवस गेल्यावर अकरा ते तेरा आठवड्यांचा स्कॅन, सोळाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तात एएफपी (नळी उघडी राहिली असेल तर वाढणारं बाळाचं प्रथिन), आणि अठरा ते वीसमध्ये ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी. लांबवू नका.

चिन्मयची_आई
आणि स्कॅनला जाताना भाच्याची डिस्चार्ज फाइल सोबत न्यायला सांग. ऑपरेशनच्या नोंदीत दोष कुठल्या मणक्याला होता ते लिहिलेलं असतं. टेबलावर झोपायच्या आधीच ती सोनोग्राफीवाल्यांच्या हातात द्यायची, म्हणजे पाठ ते घाईत उरकणार नाहीत.